रेप्टनच्या कुंपणाबाहेरचा भिकारी

नॉर्विचकर

काल इथे ‘वाकडी_वाट’ यांनी हंफ्री रेप्टन या दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बागरचनाकारावर चार परिच्छेद लिहिले. ज्यांनी वाचले नसतील त्यांच्यासाठी सार: रेप्टन हा बागा करणारा नव्हताच, जमीनदारांचा खुशमस्कऱ्या होता. लाल कातडी बांधणीच्या वहीत ‘आत्ताचं’ आणि ‘होऊ शकेल असं’ अशी दोन चित्रं रंगवून तो पैसे काढायचा. आणि कळस म्हणजे स्वतःच्या घरासमोरचा भिकारी दिसू नये म्हणून त्याने गुलाब लावले.

दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये पंधरा वर्षं राहतोय. रेप्टनची शाळा इथली, त्याचा कापडाचा धंदा बुडाला तो इथेच, आणि १७८८ साली पैसे घेऊन केलेलं त्याचं पहिलं काम, कॅटन पार्क, तेही या शहराच्या वेशीवर. खुशमस्कऱ्या म्हणण्याआधी त्याचं आयुष्य तरी बघा. बापाने बाराव्या वर्षी व्यापार शिकायला हॉलंडला धाडला. व्यापार जमला नाही. आईबाप गेल्यावर सस्टेडला शेती करून पाहिली, त्यात गाठचे पैसे गेले. शेजारी विंडहॅम नावाचा राजकारणी, त्याचा सचिव म्हणून आयर्लंडला जाऊन आला. मग टपालगाड्यांच्या योजनेत पैसे घातले, तेही बुडाले. वय छत्तीस, पदरात चार मुलं, मिळकत शून्य. एका रात्री झोप लागेना तेव्हा त्याने ठरवलं की आपल्याला दोनच गोष्टी येतात, जमीन बघणं आणि चित्र काढणं, तर त्यावरच जगायचं. ‘लँडस्केप गार्डनर’ हे नाव त्याने स्वतःच स्वतःला लावलं. त्याच्या आधीचा नामांकित बागकार कॅपेबिलिटी ब्राउन पाच वर्षांपूर्वी वारला होता, जागा रिकामी होती. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पत्रं लिहून त्याने कामं मिळवली. पुढे चारशेच्या वर ठिकाणी काम केल्याचं तो सांगे.

हा माणूस दारोदार फिरून पोट भरत होता. ज्यांनी त्याची टर उडवली ते पेन नाइट आणि युव्हडेल प्राइस दोघेही हिरफर्डशायरचे गडगंज जमीनदार. १७९४ साली त्यांनी स्वतःच्या इस्टेटीत बसून ‘खरं निसर्गसौंदर्य’ कसं असावं ते लिहिलं. रेप्टनला त्याच वर्षी घाईघाईने उत्तर द्यावं लागलं, कारण त्याच्या पोटावर पाय येत होता.

भिकाऱ्याच्या चित्राबद्दल खाली लिहितो. ते चित्र वाकडी_वाट यांनी नीट पाहिलेलं नाही असं माझं मत आहे.

वाकडी_वाट

नीट पाहिलंय. १८१६ च्या पुस्तकात आहे, ‘माझ्या एसेक्समधल्या घरातून दिसणारं दृश्य’. घर हेअर स्ट्रीटवरचं. समोर खाटकाचं दुकान, टांगलेलं मांस, रस्ता, आणि कुंपणाशी उभा अपंग भिकारी. बहुधा फ्रान्सविरुद्धच्या लढाईतून परतलेला कुणी गरीब शिपाई असणार. चित्रावर चिकटवलेली कागदी पट्टी उचलली की कुंपण पुढे सरकलेलं, खाटीक गुलाबांआड, आणि भिकारी गायब. रेप्टन स्वतः लिहितो की पंचवीस यार्ड जागा ‘आपलीशी’ करून मला माझ्या दृश्याला चौकट मिळाली. त्याचा लाडका शब्द आहे, ‘ॲप्रोप्रिएशन’. टॅटन पार्कला त्याने मैलाच्या दगडावर मालकाचं कुलचिन्ह कोरायला सुचवलं होतं, म्हणजे वाटसरूला कळावं की नजर पोचेल तिथवर सगळं यांचंच आहे. हद्द झाकून जमीन आहे त्यापेक्षा मोठी भासवायची, हा तर त्याने लिहून ठेवलेला नियम.

त्याचं व्यवसायाचं कार्ड पाहा. हा पुढे थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजायचं यंत्र, घेऊन ऐटीत उभा, मागे मजूर खणतायत. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

मला हे झोंबतं, कारण मी ते भोगलंय. आमच्या गावात ओढ्याकडे जाणारी पांदण होती. बैलगाडी, गुरं, बाया, शाळेची पोरं सगळे तिथूनच जात. शहरातल्या एका माणसाने दोन्ही बाजूंची जमीन घेतली, फार्महाऊस बांधलं, आणि एका उन्हाळ्यात पांदणीवर तारेचं कुंपण. मग त्यावर बोगनवेल. चार वर्षांत बोगनवेल इतकी दाट झाली की नव्या पोरांना तिथून वाट होती हेच ठाऊक नाही. माझी आजी ओढ्यावर धुणं घेऊन जायची, तिला मरेपर्यंत दीड किलोमीटरचा वळसा पडला. बोगनवेल फार सुंदर फुलते. बघायला लोक गाड्या थांबवतात.

फुलांनी झाकलेलं कुंपण हे नुसत्या कुंपणापेक्षा वाईट असतं. माझा मुद्दा एवढाच.

नाना_वाफेवाले

मला तिसरंच बोलायचंय. ब्राउनने ब्लेनहाइमला ग्लाइम नदी अडवून तळं केलं, ते आजही आहे. तो माणसं घेऊन यायचा, माती हलवायचा, काम पुरं करून पैसे घ्यायचा. रेप्टनने काय केलं? वही दिली आणि गेला. तीस वर्षं नर्सरी चालवली मी, गिऱ्हाइकाकडे झाड लागलं नाही तर बदलून दिलं. कागदाचे पैसे कधी घेतले नाहीत. कागदावर काही उगवत नाही.

हिरवी_फूटपट्टी

नाना, हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी माझे पैसे बुडालेत.

पुण्याजवळ एका बंगल्याचं काम होतं. तीन साइट व्हिजिट, उतार मोजून घेतला, पाणी कुठे साचतं ते भर पावसात उभं राहून पाहिलं. ड्रॉइंग दिलं, झाडांची यादी दिली. ‘बजेट नाही हो, पुढच्या वर्षी बघू.’ सहा महिन्यांनी त्या रस्त्याने जात होते, फाटकातून पाहिलं तर माझीच बाग. माझ्या पायऱ्या, माझी कांचनाची रांग, बसायचा माझा कट्टा. फक्त बकुळ कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फुटांवर, कारण कॉन्ट्रॅक्टरला ड्रॉइंग वाचता आलं नव्हतं. मी गाडी बाजूला लावून रडले. पैशासाठी नाही, त्या बकुळीसाठी. वीस वर्षांनी ती भिंत फोडेल आणि मग बकुळ तोडतील.

रेप्टनचं नेमकं हेच झालं. १८०६ साली ब्रायटनच्या राजवाड्याचं त्याचं काम युवराजाला इतकं आवडलं की काडीचाही बदल न करता सगळं ताबडतोब करू, असं तो म्हणाला. मग तिजोरीत पैसे नाहीत. रेप्टनने १८०८ मध्ये ते आराखडे छापले, वाट पाहिली. १८१५ पासून तिथे घुमट चढले ते वास्तुकार जॉन नॅशचे. तोच नॅश, ज्याच्याबरोबर रेप्टनने काही वर्षं भागीदारी केली आणि ज्याच्याकडे आपली मुलं कामाला ठेवली.

लाल वह्यांचंही तेच. कितीतरी मालकांनी वही दिवाणखान्यात ठेवली, पाहुण्यांना पट्ट्या उचलून दाखवली, बागेला हात लावला नाही. म्हणून रेप्टन दिवसाचे आणि वहीचे पैसे घेत होता. जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये त्याचा दर आलाय, दिवसाला पाच गिनी. लोक त्याला लोभी समजतात. मी समजत नाही.

नाना_वाफेवाले

ताई, तुमचे पैसे बुडाले याचं वाईट वाटलं. पण दुसरी बाजू ऐका.

तुमच्याच व्यवसायातल्या एकाने माझ्याकडून एका मोठ्या सोसायटीसाठी फॉक्सटेल पाम घेतले. मी सांगितलं, एप्रिलमध्ये लावू नका, पश्चिमेची भिंत आहे, करपतील. ‘ड्रॉइंगमध्ये आहेत, उद्घाटन एक मेला आहे.’ लावले. करपले. बैठकीत दोष कुणाला? माळ्याला. त्याचा दोन महिन्यांचा पगार कापला. तो माणूस माझ्या ओळखीचा, पहाटे पाचला उठून पाणी घालत होता. ड्रॉइंगवाल्याला पूर्ण फी मिळाली.

तेव्हा नकाशाचे पैसे हवेत तर नकाशाची जबाबदारीही घ्या.

हिरवी_फूटपट्टी

एका माणसाच्या चुकीवरून आख्खा व्यवसाय? मी यादीखाली लागवडीचा महिना लिहून देते. ते वाचायचं की नाही हे माझ्या हातात आहे का?

नाना_वाफेवाले

लागवडीच्या दिवशी उन्हात उभं राहणं तुमच्या हातात आहे.

हिरवी_फूटपट्टी

उभी राहते, नाना! त्या दिवसाचे पैसे मागितले की ‘व्हिजिटचे वेगळे?’ म्हणून विचारतात. तुम्ही मला ओळखतही नाही आणि एसीत बसणारी ठरवून मोकळे. जूनमध्ये गुडघाभर चिखलात खड्डे मोजलेत मी. पोटात पाच महिन्यांची मुलगी होती तेव्हा.

नॉर्विचकर

जरा थांबा दोघंही. मूळ प्रश्न रेप्टनचा होता.

हिरवी_फूटपट्टी

हाच मूळ प्रश्न आहे. ब्राउन ठेकेदार होता, काम अंगावर घ्यायचा, त्यात नफा होता. रेप्टनने फक्त सल्ला विकला. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीला किंमत आहे की नाही, हे त्याच्यापासून सुरू झालंय आणि अजून सुटलेलं नाही. तुम्ही त्याची गरिबी सांगून सहानुभूती मिळवताय. त्याला सहानुभूती नको होती, फी हवी होती.

टाकसाळ

ब्रायटनचा विषय निघालाच आहे तर एक भर. रेप्टनला हिंदुस्थानी शैलीचं वेड लागलं ते सेझिनकोटला. ईस्ट इंडिया कंपनीतून पैसा करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलचं ते घर, तिथे रेप्टनचा सल्ला घेतला होता. त्याच्यासमोर नमुने होते थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या चित्रांचे. त्याच डॅनियलांनी १८०३ मध्ये आपल्या हिंदुस्थानच्या चित्रमालेत वेरूळच्या लेण्यांचा भाग छापला, तो जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांचं आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा. मला तर वाटतं ब्रायटनच्या त्या कल्पनेत थोडं वेरूळही आहे. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही.

वाकडी_वाट

वेरूळला घुमट कुठे आहेत? रेप्टनच्या आराखड्यात घुमट आणि छत्र्या आहेत, त्या उत्तरेकडच्या मुघल इमारतींतून आलेल्या. डॅनियलांच्या बाकीच्या भागांत तशा इमारती भरपूर आहेत. दरवेळी आपलं काहीतरी तिकडे सापडलंच पाहिजे का? आणि सापडलंच तर कंपनीच्या पैशाचंही बोला. तो पैसा कुठून गेला?

टाकसाळ

घुमटांचं मान्य. ‘थोडं वेरूळ’ हे माझं अनुमान होतं, मागे घेतो. पण वेल्स आणि डॅनियल यांचा संबंध पक्का आहे, तो मागे घेणार नाही. पैशाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही.

अबोली

मी सहसा लिहीत नाही. पण सगळे रेप्टनच्या पैशाबद्दल बोलताय आणि १८११ बद्दल कुणीच नाही.

जानेवारीत मुलींबरोबर एका नाचाच्या कार्यक्रमाहून परतताना त्याची गाडी उलटली. पाठीच्या कण्याला मार बसला. तिथून १८१८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बराच वेळ चाकाच्या खुर्चीत. त्यानंतरचं त्याचं लिखाण बदललंय. आधी तो मैलभर लांबचं दाखवायचा, टेकडी, तळं, हरणं. नंतर तो घराजवळ आला. गच्ची, जाळीवरचे वेल, फुलांचे वाफे, ॲशरिजला गुलाबांची बाग. शेवटच्या मोठ्या पुस्तकात त्याने उंच उचललेले वाफे दाखवलेत, खुर्चीत बसलेल्या माणसाला न वाकता स्ट्रॉबेरी तोडता यावी म्हणून.

माझी आई नऊ वर्षं खुर्चीत आहे. तिच्या हातची मोगऱ्याची आळी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. पडल्यापासून ती गॅलरीतून कुंड्यांकडे नुसती बघते आणि मला सांगते, ‘तो पिवळा पडलाय, पाणी जास्त झालंय.’ मी घालते, पण माझ्या हाताला तिचा अंदाज नाही. एका शेजारणीने सांगितलं, आता आईंना टीव्ही लावून द्या. मला फार राग आला होता.

दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस खुर्चीत बसला आणि त्याने ‘आता माझं झालं’ न म्हणता जमीनच वर उचलायची ठरवली. तुम्ही त्याला खुशमस्कऱ्या म्हणा. मला तो जवळचा वाटतो.

नॉर्विचकर

अबोलीताई, हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

आता भिकारी. वाकडी_वाट, पट्टीचा अर्थ तुम्ही उलट लावलाय. रेप्टनच्या चित्रात पट्टी खाली असते तेव्हा आजची स्थिती दिसते, वर उचलली की सुधारलेली. म्हणजे पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी तो भिकारीच भेटतो. ज्याला लपवायचाच आहे तो माणूस त्याला इतका बारकाईने रंगवून, छापून, लोकांना का विकेल? आणि त्याच मजकुरात तो म्हणतो की समोरचं हसतंखेळतं गाव आणि सतत हलता रस्ता मी दुसऱ्यांसाठी सुधारलेल्या कुठल्याही एकाकी पार्कशी बदलणार नाही. रस्ता त्याला हवाच होता.

त्याच पुस्तकातली दुसरी जोडी तुम्ही पाहिलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो. नाव ‘इम्प्रूव्हमेंट्स’. पहिल्या चित्रात जुना वृक्ष, सावलीत वाटसरूंसाठी बाक, कुंपण ओलांडायला शिडी, आणि पायवाट. दहा वर्षांनी रेप्टन तिथे परततो. जमीन नव्या पैसेवाल्याने घेतलीय. झाडं तोडली, भाडी वाढवली, बाक गेला, उंच कुंपण आलं. शिडीच्या जागी पाटी: आत माणसं अडकवायचे सापळे आणि आपोआप उडणाऱ्या बंदुका आहेत. आणि पायवाट अधिकाऱ्यांच्या हुकमाने बंद.

ही तुमची पांदण आहे. १८१६ साली छापलेली.

वाकडी_वाट

हे चित्र पाहिलं नव्हतं. आत्ता शोधून पाहिलं. तासभर त्यातच होतो.

खुशमस्कऱ्या हा शब्द मागे घेतो. खुशमस्कऱ्या असलं काही छापत नाही, त्याची गिऱ्हाइकं तीच होती. बाकी काही मागे घेत नाही. एक, तो चिडलाय नव्या पैशावर. जुन्या जमीनदाराचं कुंपण त्याला कधी टोचलं नाही, त्याच्यासाठी तर तो स्वतः कुंपणं झाकून देत होता. दोन, पट्टी खाली केली की भिकारी चित्रात परत येतो हे खरं. हेअर स्ट्रीटवर तो कुठे गेला? ज्या पंचवीस यार्डांवर तो उभा राहायचा तिथे आता गुलाब आहेत. त्याला बोलावून पट्टी कोण दाखवणार होतं?

नॉर्विचकर

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. शेरिंगहॅमच्या इस्टेटीचं सांगू शकतो. १८१२ मधलं काम, नॉर्फकमधलं आपलं सर्वांत लाडकं अपत्य असं तो त्याला म्हणे. तिथल्या वहीत त्याने तरुण मालक अपचरला सुचवलंय की महिन्यातून एक दिवस गरिबांना रानात वाळकी लाकडं गोळा करू द्यावीत, म्हणजे गाव आणि मालक यांच्यात आपलेपणा राहील. मी तिथे दर वसंतात जातो. समुद्राकडून येणारा वारा टेकडीने अडवलाय आणि घर त्या कुशीत बसवलंय. अपचर बिचारा १८१९ मध्येच गेला, नव्या घरात राहायलाही मिळालं नाही. आज ते रान सगळ्यांना खुलं आहे.

वाकडी_वाट

महिन्यातून एक दिवस. वाळकी लाकडं. बरं.

कुणाच्या बापाचं रान होतं ते आधी, हा प्रश्न त्याने वहीत कुठे लिहिलाय का? नसेल लिहिला. त्या काळच्या मानाने एक दिवस हेही पुष्कळ असेल, तेवढं मान्य करतो. आनंदाने नाही.

हिरवी_फूटपट्टी

त्याच्या थडग्याचं कुणी लिहिलंच नाही. नॉर्विचकर, तुम्ही पाहिलं असेल ना?

नॉर्विचकर

कितीदा तरी. एल्शमला चर्चच्या भिंतीला लागून आहे, पुढे गुलाब. दगडावर त्याच्याच ओळी आहेत. मिसरच्या राजांसारखी माझी माती निराळी राखू नका, ती मातीत मिसळू दे, तिच्यातून गुलाबाला रूप आणि रंग येऊ दे, असा आशय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी या देशात नवीन होतो, नोकरी गेलेली होती, आणि वय छत्तीसच होतं. म्हणून काल इतकं लागलं.

वाकडी_वाट

हे आधी सांगितलं असतंत तर मी काल जरा सौम्य लिहिलं असतं. मत तेच राहिलं असतं.

नाना_वाफेवाले

अबोलीताई, बाकीचं भांडण राहू द्या. आईंसाठी वाफा करायचा असेल तर लिहून घ्या. खुर्ची टेबलासारखी आत शिरली पाहिजे, तेव्हा खाली सव्वादोन फूट मोकळं ठेवा, गुडघे लागत नाहीत. वाफ्याची रुंदी दोन फुटांहून जास्त नको, पलीकडचं रोप हाताला आलं पाहिजे. तळाला भोकं. मोगरा चालेल, छाटत राहायचा. माती भरपूर घाला, एक फूट तरी.

हिरवी_फूटपट्टी

नानांची मापं बरोबर आहेत, एक सोडून. एक फूट माती भरली तर वरची कड सव्वातीन फुटांवर जाते, बसलेल्या माणसाला हात जवळजवळ खांद्यापर्यंत उचलावा लागतो. जिथे गुडघे येतात तिथे माती सहा इंच ठेवा, तिथे पालेभाजी, पुदिना. मोगऱ्यासाठी शेजारी जमिनीपासून बांधलेला दोन फुटी वाफा करा, खुर्ची आडवी लावून हात पोचतो. गॅलरीत असेल तर ओल्या मातीचं वजन किती होईल ते आधी इंजिनिअरला विचारा.

नाना_वाफेवाले

सहा इंचांचं बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नाही.

अबोली

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते पुदिना नको, तो सगळं व्यापतो. कोथिंबीर हवी. आणि विचारतेय की मोगऱ्याच्या वाफ्याला ऊन कुठून येणार.

नाना_वाफेवाले

गॅलरीचं तोंड कुठे आहे?

अबोली

पूर्वेला. दहा-साडेदहापर्यंत ऊन असतं.

हिरवी_फूटपट्टी

मोगऱ्याला कमी पडेल. कठड्याच्या अगदी कडेला घ्या, आणि एक फोटो पाठवा.